वाट राखणारी माणसे

या आठवड्यात आम्ही वाचकांना जरा लांबच्या डोंगरावर नेणार आहोत. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची डोंगररांग आहे. आपल्या सह्याद्रीसारखीच जुनी, झिजलेली, झाडीने भरलेली. तिच्या माथ्यामाथ्याने एक पायवाट गेली आहे. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावर ती सुरू होते आणि उत्तरेला मेन राज्यातल्या कटाहडिन शिखरावर संपते. वाटेत चौदा राज्ये लागतात. लांबी २,१९० मैलांच्या थोडी वर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जाऊन यावे, पुन्हा एकदा जाऊन यावे, तरी ही वाट थोडी उरेलच. तिला अ‍ॅपलेशियन ट्रेल म्हणतात. ट्रेल म्हणजे आपली पायवाटच. कामाला जाण्याची नव्हे, मोकळ्या वेळात चालण्याची.

हे वाचून एखादी आई म्हणेल, "डोंगर चढून-उतरून आमच्या पायांचे तुकडे पडले, आता हौसेने डोंगर चढणाऱ्यांच्या गोष्टी कशाला सांगता?" म्हणणे रास्त आहे. सरपणासाठी आणि पाण्यासाठी आपल्या आयाबहिणींनी जेवढ्या वाटा तुडवल्या, तेवढ्या कोणत्या हौशी माणसाने तुडवल्या असतील? पण आम्हांला येथे चालणाऱ्यांविषयी कमी आणि वाट राखणाऱ्यांविषयी जास्त सांगायचे आहे. ही वाट बहुतांशी ठेकेदाराने बांधलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी गावोगावच्या मंडळांनी ती बांधायला घेतली आणि आजही अशीच सुमारे तीस मंडळे ती राखतात. दर वर्षी काही हजार माणसे मिळून लाखाहून अधिक तास काम करतात, तेही पगाराशिवाय. मंडळे स्थापन होताना आणि दोन-चार वर्षांत बंद पडताना आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून शंभर वर्षे चाललेले मंडळ दिसले, की त्याचे दप्तर उघडून पाहावेसे वाटते.

कल्पना बेंटन मकाय या माणसाची. हा वनखात्यात काम केलेला, झाडांचा जाणकार. १९२१ साली त्याच्यावर मोठा घाला पडला. त्याची पत्नी जेसी, जी स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि शांततेसाठी झटत होती, ती त्या वर्षी वारली. त्या दुःखात तो एका मित्राच्या आश्रयाला राहिला आणि तिथे त्याने एक लेख लिहून काढला. तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वास्तुशिल्पकारांच्या एका मासिकात छापून आला. लेखाचा विषय ही पायवाट. पण त्याच्या मनात नुसती वाट नव्हती. पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत आणि कारखान्यांत दमून गेलेल्या माणसांना डोंगरावर जाऊन राहता यावे, तिथे मुक्कामाची ठिकाणे असावीत, सहकारी तत्त्वावर शेती असावी, आजारी माणसाला हवा मिळावी आणि उंचावर उभे राहून माणसाला खालच्या आपल्या जगण्याकडे नीट पाहता यावे, असा तो विचार होता. कष्टकऱ्याच्या रिकाम्या वेळाचा हिशेब त्याने मांडला. पोटासाठी किती तास हा हिशेब सगळेच मांडतात, पोट भरल्यावर उरलेल्या तासांचे काय, हा हिशेब मांडणारे थोडे.

ती शेती आणि त्या वसाहती काही झाल्या नाहीत. वाट मात्र झाली.

पहिला तुकडा न्यूयॉर्क शहराजवळ, बेअर माउंटनच्या परिसरात, ऑक्टोबर १९२३ मध्ये खुला झाला. तो तिथल्या मंडळांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन बांधला. १९२५ साली वॉशिंग्टनला सभा भरली, मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, भाषणे झाली. आणि मग, आपल्याकडे होते तेच झाले. काम थंडावले. ते पुन्हा हलवले ते मायरन एव्हरी नावाच्या वकिलाने. हा १९३१ पासून १९५२ पर्यंत संस्थेचा अध्यक्ष होता. स्वभावाने कडक, पत्रे लिहिण्यात तरबेज, कोणाची भीड न ठेवणारा. सायकलचे एक चाक घेऊन त्याला अंतर मोजणारे यंत्र लावायचे आणि ते चाक ढकलत डोंगर चालायचा, हा त्याचा नित्यक्रम. असे मोजत मोजत १९३६ पर्यंत त्याने सगळी वाट तुकड्यातुकड्याने पालथी घातली. कुठे झरा, कुठे वळण, कुठे निवारा, सगळे वहीत.

मकाय आणि एव्हरी यांचे पटले नाही. व्हर्जिनिया राज्यात डोंगरमाथ्यावरून मोटारींचा रस्ता काढायचे सरकारने ठरवले, स्कायलाइन ड्राइव्ह त्याचे नाव. मकायचे म्हणणे, माथ्यावर मोटार आली की वाटेचा अर्थच गेला, सरकारशी भांडा. एव्हरीचे म्हणणे, भांडत बसलो तर वाट कधीच पुरी होणार नाही, रस्ता होऊ द्या, आपली वाट बाजूला सरकवून घ्या. १९३५ च्या सुमारास दोघांचे संबंध तुटले ते तुटलेच. एक स्वप्न पाहणारा आणि एक दप्तर सांभाळणारा, अशा दोन माणसांचे भांडण कोणत्या संघटनेत झाले नाही? आमचा कल कोणाकडे, हे कारकुनाच्या तोंडून वदवून घेऊ नका. एवढेच म्हणतो की मकायशिवाय वाट सुचली नसती आणि एव्हरीशिवाय ती जमिनीवर उतरली नसती.

त्या व्हर्जिनियाच्या डोंगराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती हौशी पुस्तकांत मागच्या पानावर असते. शेनान्डोआ नावाचे राष्ट्रीय उद्यान तिथे १९३५ साली झाले. त्यासाठी डोंगरात पिढ्यान्पिढ्या राहणारी शेकडो गरीब कुटुंबे उठवली गेली. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला याचा अर्थ विचारायला नको. उद्यान झाले, मुक्कामाच्या जागा झाल्या आणि त्यात काळ्या लोकांसाठी वेगळी जागा राखली गेली. लुईस माउंटन येथे १९३९ साली ती सुरू झाली. तंबूची जागा, जेवणाची जागा, खोल्या, सगळे वेगळे. आणि रस्त्यावर तसा फलक. ही विभागणी १९५० पर्यंत मोडली, आणि पायवाट आजही त्या जागेच्या जवळून जाते. बेकार तरुणांना काम देण्यासाठी त्या काळी सरकारने जी मोठी योजना काढली होती, जिच्या तरुणांनी या वाटेचे अनेक अवघड तुकडे बांधून दिले, तिच्या छावण्याही १९३५ पासून गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. डोंगराला वर्ण नसतो, पण डोंगरावर जाणारा माणूस आपला वर्ण गाठोड्यात बांधून नेतो. आपल्या वाचकाला हे अधिक फोडून सांगायची गरज नाही.

शेवटचे दोन मैल मेन राज्यात राहिले होते. तेही याच योजनेच्या तरुणांनी १४ ऑगस्ट १९३७ रोजी पुरे केले. वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली. लेखकमंडळी येथे पूर्णविराम देतात. खरी गोष्ट येथून सुरू होते.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, उत्तरेकडच्या राज्यांत मोठे वादळ झाले आणि झाडे आडवी पडून कित्येक मैल वाट गाडली गेली. मग महायुद्ध आले. वाट राखणारे तरुण सैन्यात गेले, पेट्रोलवर नियंत्रण आले, डोंगरापर्यंत जाणार कसे? पाच-सहा वर्षांत झुडपांनी वाट गिळली. पायवाट ही अशी वस्तू आहे. इमारत दुर्लक्ष करूनही वीस वर्षे उभी राहते, पायवाट तीन पावसाळ्यांत नाहीशी होते. १९४८ साली अर्ल शेफर नावाचा युद्धावरून परतलेला सैनिक दक्षिणेकडून निघाला. युद्धात त्याचा जिवलग मित्र गेला होता आणि मनातले युद्ध चालून बाहेर काढावे म्हणून तो निघाला होता. अनेक ठिकाणी त्याला वाट सापडली नाही, खुणा सापडल्या नाहीत. तरी १२४ दिवसांत तो दुसऱ्या टोकाला पोहोचला. एका दमात सारी वाट चालून गेल्याची ही पहिली नोंद, आणि संस्थेच्या लोकांना ती सुरुवातीला खरीच वाटेना. याच शेफरने १९९८ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, ती वाट पुन्हा पुरी केली.

आमच्या भगिनी वाचकांना एमा गेटवुड आजीची गोष्ट जास्त भावेल. ओहायो राज्यातली ही शेतकरी बाई. अकरा मुलांची आई. नवऱ्याने आयुष्यभर मारहाण केली, अखेर तिने घटस्फोट घेतला. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, "जरा चालून येते" एवढेच घरी सांगून ती निघाली आणि जॉर्जियापासून मेनपर्यंत एकटी चालून गेली. पायांत साधे कापडी बूट. खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. पाऊस आला तर अंगावर घ्यायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आदल्या वर्षी ती एकदा निघाली होती, तेव्हा वाट चुकली, चष्मा फुटला आणि परत यावे लागले होते. या खेपेला वर्तमानपत्रवाले तिच्या मागे लागले. ती त्यांना गोड बोलली नाही. वाट किती खराब आहे, झाडे आडवी पडलेली आहेत, खुणा पुसल्या आहेत, निवारे मोडले आहेत, हे तिने जाहीर सांगितले. मंडळांना ते झोंबले असेल, पण लोकांचे लक्ष डागडुजीकडे वळायला त्या बोलण्याचा उपयोग झाला, असे मानतात. आणि आजी केवळ बोलून थांबली नाही. १९५९ साली तिच्या स्वतःच्या राज्यात बकाय ट्रेल नावाची वाट बांधायला मंडळ निघाले, त्यात ती सुरुवातीपासून होती. रंगाचा डबा घेऊन झाडांवर खुणा करत ती हिंडली. तक्रार करणारे पुष्कळ असतात. तक्रार करून ब्रश हाती घेणारी ही आजी आम्हांला त्या साऱ्या वाटेपेक्षा मोठी वाटते.

आता राखण्याचे काम म्हणजे नेमके काय, ते पाहू. पायवाटेचा शत्रू पाणी. माणसांच्या पायांनी माती दबून घट्ट होते, वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल जाते आणि पावसाचे पाणी तीच सोयीची म्हणून तिच्यातून धावू लागते. पाणी धावले की माती जाते, वाटेची ओघळ होते. मग माणसे ओघळ टाळून बाजूने चालतात, तिथलेही गवत मरते, आणि एका वाटेच्या तीन होतात. याला उपाय दोन. एक, वाट सरळ चढावर न नेता डोंगराच्या पोटातून आडवी, हळूहळू चढत न्यायची आणि तिला उताराकडे किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून आडवे निघून जाते, लांबीने धावत नाही. दुसरा, जिथे चढ आहे तिथे दगडांचा किंवा ओंडक्याचा तिरपा बांध वाटेत घालायचा आणि पाणी बाजूला काढून द्यायचे. दगडाचा मोठा भाग जमिनीत गाडलेला हवा, नाही तर पहिल्या पावसात बांधच वाहून जातो. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात ताली घातल्या, चर खोदले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे शास्त्र तळहातासारखे माहीत आहे.

पण बांध घालून भागत नाही. त्याच्या मागे गाळ साचतो, पानगळीत पाने साचतात, आणि तो भरला की पाणी पुन्हा वाटेवर. म्हणून वर्षातून दोन-तीनदा जाऊन फावड्याने तो गाळ काढावा लागतो. काटेरी वेली छाटाव्या लागतात. पडलेले झाड कापावे लागते. झाडांवरच्या पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवाव्या लागतात. ही खूण दोन इंच रुंद, सहा इंच उंच, आणि एकावर एक दोन खुणा दिसल्या की पुढे वळण आहे, सावध राहा. हत्यारेही ठरलेली. पुलास्की नावाचे एक हत्यार आहे, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे आडवे पाते, एका वनरक्षकाच्या नावावरून त्याला हे नाव पडले. १९६४ च्या कायद्याने जी रानावने अस्पर्श ठेवायची ठरली, तिथे इंजिनाची करवत चालवायला मनाई आहे. तिथे दोघांनी दोन बाजूंनी ओढायची जुनी लांब करवत वापरतात, आणि ती चालवायलाही शिकून परीक्षा द्यावी लागते. हौस आहे म्हणून कोणीही करवत उचलावी, असे तिथे चालत नाही.

आणि आता दप्तरातली सगळ्यांत महत्त्वाची नोंद. वॉशिंग्टनच्या बाजूचे एक मंडळ एकटे या वाटेचे सुमारे २४० मैल सांभाळते. ते कसे? सगळ्यांनी मिळून सगळी वाट, असे नाही. वाटेचे लहान तुकडे पाडले आहेत, कुठे एक मैल, कुठे दोन-तीन, आणि प्रत्येक तुकडा एका माणसाच्या किंवा एका जोडप्याच्या नावावर लिहिला आहे. त्या तुकड्यावर झाड पडले, गाळ साचला, खूण पुसली, तर बघायचे त्यानेच. त्याच्याने न होणारे मोठे काम असेल तर वर कळवायचे, मग टोळी जाते. किती तास काम केले, याचा तक्ता भरून द्यायचा. वाटेच्या दोन्ही बाजूंची हद्द पाहायला वेगळी माणसे नेमलेली, कारण १९७८ नंतर सरकारने पैसे घालून या पट्ट्यातली जमीन विकत घेतली आणि जमीन आली की अतिक्रमणही आले. "सर्वांनी लक्ष द्यावे" असा ठराव आम्ही किती सभांत लिहिला असेल, त्याची गणती नाही. सर्वांनी म्हणजे कोणीच नाही. आमच्या समाजमंदिराचा पत्रा चार पावसाळे गळत होता, कारण तो सर्वांचा होता. एकाच्या नावावर केला, तेव्हा दुरुस्त झाला.

निवाऱ्यांची गोष्ट निघाली की संडासांची निघणारच. वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत, बहुतेक ठिकाणी जवळ संडासही आहे. तिथे नळ नाही, गटार नाही. अलीकडे अनेक ठिकाणी जी पद्धत आहे, तिच्यात खोल खड्डा नसतो. जमिनीवर लाकडी चौकट, तिच्यावर बैठक. हवा आणि गांडुळे यांच्या मदतीने मैला तिथेच कुजतो. वापरणाऱ्याने मूठभर लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा वर टाकायचा. एक चौकट भरली की बैठक शेजारच्या चौकटीवर सरकवायची आणि पहिली झाकून ठेवून द्यायची. पुरेसा काळ गेला की तिची माती होते. ताजी घाण कोणालाच हाताळावी लागू नये, अशीच ही आखणी. भुसा पाठीवरून डोंगरावर कोण नेतो? बैठक कोण सरकवतो? ढीग कोण सारखा करतो? तेच. ज्यांच्या नावावर वाट आहे तेच, निवृत्त मास्तर, इंजिनिअर, नर्सबाई. त्या कामासाठी वेगळी जमात नेमलेली नाही, आणि ते काम करून घरी गेल्यावर त्यांना कोणी दुरून पाणी घालत नाही.

आपल्याकडे मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. आणि आजही गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांची आडनावेही वाचतो. म्हणून हौशी पायवाटेच्या पुस्तकात संडासाचे पान आले की आम्ही ते दोनदा वाचतो.

आता एक शंका आमच्याही मनात आहे, ती लपवत नाही. फुकट काम हा शब्द आपल्या माणसाच्या कानाला चांगला लागत नाही. वेठबिगारी आणि वतनाची कामे आपल्या आज्या-पणज्यांनी केली. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले आणि ते जोखड कायद्याने जायला पुढे तीस वर्षे लागली. मग आता पुन्हा श्रमदान कसले? फरक आमच्या मते एवढा, की वतनदाराला नाही म्हणता येत नव्हते आणि ज्या वाटेसाठी तो राबायचा त्या वाटेवर त्याला ताठ चालता येत नव्हते. या मंडळांतला माणूस उद्या तक्ता परत करून घरी बसू शकतो आणि वाट त्याचीही आहे. पण हा फरक मान्य करूनही दुसरी गोष्ट उरते. अशा कामाला सुट्टी लागते. आठवड्याचे सहा दिवस विटा उचलणाऱ्याला सातव्या दिवशी दगड उचलायला सांगणे हा जुलूमच. तिथेही राखणारे बरेचसे निवृत्त, खाऊनपिऊन सुखी आणि गोरे असतात, आणि मकायने ज्या कामगारासाठी हे सारे योजले तो त्यांत कमी दिसतो. काळ्या लोकांनी एकत्र डोंगरावर जावे म्हणून २००९ साली आउटडोअर अ‍ॅफ्रो नावाची संस्था कॅलिफोर्नियात निघाली, ती या उणिवेतूनच. शिवाय सगळे लोकांनी फुकट केले, असेही नाही. १९६८ साली राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला, जमिनीचा पैसा सरकारने घातला, आणि १९८४ साली वाट सांभाळण्याची जबाबदारी करार करून लोकांच्या संस्थेकडे दिली. जमीन सरकारची, राखण लोकांची, आणि ते लेखी. श्रमदानाचे नाव पुढे करून सरकारने हात झटकावेत, असा याचा अर्थ आम्ही लागू देणार नाही.

आमच्या वस्तीमागे एक टेकडी आहे. डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब सांगितल्यापासून पहाटे पन्नास-साठ बाया आणि म्हातारी माणसे तिच्यावर चालायला जातात. एका निवडणुकीच्या वर्षी तिथे सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, नावांचा फलक लागला. दोन पावसाळ्यांत पायऱ्यांखालची माती निघून गेली, कारण पाणी कुठून उतरते हे कोणी पाहिलेच नव्हते. फलक शाबूत आहे. आता लोक पायऱ्यांच्या बाजूने घसरत चालतात आणि गेल्या श्रावणात एका मावशीचे मनगट मोडले. अशा टेकड्या अनेक वस्त्यांमागे आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जा आणि पाणी वाटेवर कुठे चढते, कुठे उतरते, ते बघून ठेवा. कोरड्या दिवसांत ते कळत नाही. वाट ज्या जागी बुडते त्याच्या थोडे वर तिरपा चर काढला, तर पुष्कळदा तेवढ्याने भागते. चर मे महिन्याच्या शेवटी साफ करावा, आणि पावसाळ्यात अधूनमधून. वाटेच्या उताराकडचे गवत उपटू नये, तेच माती धरून ठेवते. मात्र कुदळ मारण्याआधी जमीन कोणाची हे विचारा. अशा टेकड्या पुष्कळदा वनखात्याच्या असतात, आणि परवानगीशिवाय खोदले तर उद्या गुन्हा नोंदवायला आपल्याच वस्तीची नावे सापडतील. अर्ज द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा.

आणि वाट मोजून तुकडे पाडा. शंभर पावले एका घराला.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन नावाचे चक्रीवादळ त्या अमेरिकी डोंगरांवर आदळले. नद्या फुगल्या, दरडी कोसळल्या, पूल वाहून गेले, आणि त्या वाटेचे चारशे मैलांहून जास्त अंतर एकदम बंद करावे लागले. खालच्या खोऱ्यांतली घरेही गेली होती, वाट राखणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची घरेही त्याच भागात होती. तरी घरे थोडी सावरताच माणसे डोंगरावर चढली. कोणत्या तुकड्यावर किती झाडे पडली, याच्या याद्या आधी झाल्या. मग सरकारी टोळ्या आणि मंडळांच्या टोळ्या मिळून करवतीने एकेक ओंडका कापत पुढे सरकल्या. २०२५ च्या वसंतात दक्षिणेकडून नवे चालणारे निघाले, तोपर्यंत त्यातला बराचसा भाग मोकळा झाला होता.